डोळा लागला होता

गेल्या आठवड्यात गणपतीची वर्गणी मागत आम्ही तिघे सोसायटीत फिरत होतो. सकाळचे अकरा वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर एका दाराची बेल दोनदा वाजवली, मग कडीही खडखडवली. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. तिशीतला पोरगा, डोळे लाल, गालावर उशीचा वळ. मागे खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"सॉरी काका, तिसरी चालू आहे. जरा डोळा लागला होता," म्हणत तो पाकीट शोधायला आत गेला.

सॉरी तो म्हणाला, मी नाही. हे जिना उतरताना ध्यानात आलं.

भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तिसरी पाळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आपण गाढ झोपेत असतो तेव्हा हा प्रेसवर उभा असतो. पहाटे चारच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली येतं, डोळे मिटू पाहतात. नेमका तेव्हाच हात यंत्राजवळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रातपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. आणि असं राबून आलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? दिवसाढवळ्या लोळतोय!

रविवारची सुट्टी आपल्याला मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० साली. रातपाळीवाल्याच्या वाट्याला मात्र हा रविवार पुरता येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवून दिलं होतं, त्याची सुट्टी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास धरावी. हिशेब चोख आहे. पण रविवारी सकाळी सातला सुटलेल्याला सोमवारी सातलाच पहिल्या पाळीला बोलावलं, तर त्या चोवीस तासांचं तो काय करणार? दिवसा झोपला तर रात्री टक्क जागा, आणि साडेपाचला पुन्हा बसच्या थांब्यावर. पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढे सरकवाव्यात आणि बदलताना मध्ये पुरेसा अवधी द्यावा, एवढं तरी पाळ्यांचा तक्ता लावणाऱ्यांना जमायला हवं. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही.

पण कारखान्याकडे बोट दाखवून मी सुटत नाही. रात्री दोनला कुणी माझी बेल वाजवली असती, तर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये थयथयाट केला असता. त्याचे रात्रीचे दोन सकाळी अकराला वाजतात, एवढंच. मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. तिथे शांतता होती असं नाही. पण भोंगा सगळ्यांनाच ऐकू यायचा, कोण कुठल्या पाळीला हे चाळीला ठाऊक असायचं. आमच्या सोसायटीत मोबाईलचा गजर ज्याचा त्यालाच ऐकू येतो.

त्याची पावती फाडायची राहिली होती, म्हणून काल दुपारी पुन्हा गेलो. चपला दाराबाहेर होत्या. बेलच्या बटणावर चिकटपट्टी. पावती फटीतून आत सरकवली आणि उतरू लागलो, तोच चौथ्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. चार वाजेपर्यंत थांबाल का, हे विचारायला मी परत वर चढलो.