अंगठा लागला का?

‘माणूस आणि यंत्र एक झाले तर?’ हा विषय डिजिटल कलेच्या विद्यार्थ्यांना दिला की बहुतेकांच्या पडद्यावर एकच चित्र उमटतं. अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा धातूचा. एका डोळ्यात बुबुळ, दुसऱ्यात लाल दिवा. कपाळापासून मानेपर्यंत निळ्या रेषांचं जाळं, मागे काळोख. चित्रात मेहनत असते, हात तयार असतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन आधी मोबाईलवर आणि मग संगणकावर रंग भरायला शिकलेली आमच्या अचलपूर-परतवाड्याची मुलंही असं चित्र सहज काढतील. पण त्या चेहऱ्याला गाव नसतं. तो सिनेमातून आलेला असतो. त्याला भूक लागत नाही, त्याच्या घरी कोण आहे ते कळत नाही, त्याच्या डोळ्यातला दिवा उद्या बंद पडला तर दुरुस्तीला कोणाकडे जायचं तेही चित्रात नसतं. ज्याच्याबद्दल यातलं काहीच माहीत नाही, त्याच्या बऱ्यावाईटाचा विचार करायचा तरी कसा?

या विषयावरचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा विद्यार्थी-प्रकल्प कागदावर झाला नाही आणि पडद्यावरही झाला नाही. नील हार्बिसन या मुलाला जन्मापासून रंग दिसत नाहीत. सगळं जग करड्या छटांचं. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन कला महाविद्यालयात तो संगीत शिकत होता. २००३ साली तिथे अ‍ॅडम मॉन्टेंडन यांचं व्याख्यान झालं आणि त्यानंतर दोघांनी मिळून एक यंत्र उभं केलं. कॅमेऱ्याने समोरचा रंग टिपायचा, प्रत्येक रंगाला एक स्वर द्यायचा आणि तो कानात ऐकवायचा. सुरुवातीला पाठीवर पाच किलोचा संगणक वागवावा लागे. पुढे त्या यंत्राचा अँटेना झाला आणि तो कवटीच्या हाडातच बसवला गेला. २००४ मध्ये पासपोर्टच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा फोटोत विजेचं उपकरण चालणार नाही असं कार्यालयाने कळवलं. त्याने उत्तर दिलं की हे उपकरण नाही, माझ्या शरीराचा भाग आहे. बराच पत्रव्यवहार झाला, आणि शेवटी तो फोटो मान्य झाला.

मला या गोष्टीतला अँटेना तितका महत्त्वाचा वाटत नाही, तो पत्रव्यवहार वाटतो. एका विद्यार्थ्याने आपली गरज सांगितली, यंत्र त्याच्या गरजेच्या मापाने घडलं, आणि सरकारी नियमालाही त्याच्यासाठी जागा करावी लागली. नियमाच्या पलीकडे पत्र वाचणारा, विचार करणारा आणि निर्णय फिरवू शकणारा माणूस बसलेला होता.

माणूस आणि यंत्र यांच्या अशा जोडणीसाठीचा ‘सायबोर्ग’ हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी अंतराळप्रवासाचा विचार करताना तयार केला. अंतराळात पृथ्वीसारखं वातावरण सोबत नेण्यापेक्षा माणसाचं शरीरच तिथल्या परिस्थितीला जुळेल असं बदलावं, ही त्यांची कल्पना. बदलायचं कोणी, हा प्रश्न असा या विषयाच्या मुळाशीच आहे. चंद्रावर जाणाऱ्याने तो बदल स्वतः स्वीकारलेला असतो. ज्याने कुठे जायचं ठरवलेलंच नाही, त्याच्याकडूनही बदल मागितला जातो तेव्हा मात्र नीतीचा प्रश्न उभा राहतो.

अचलपूरच्या विद्यार्थ्याने या विषयावर प्रकल्प हाती घेतला तर मी त्याला आधी माधानला जायला सांगेन. चांदूर बाजार तालुक्यातलं हे गाव संत गुलाबराव महाराजांचं. १८८१ मध्ये लोणी टाकळीला जन्म, आणि वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद यांबरोबर डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी समाचार घेतला. हे सगळं वाचलं कोणी? सोबतच्या माणसांनी. ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत आणि सांगतील ते दुसरे लिहून घेत. एका माणसाची बुद्धी, दुसऱ्याचे डोळे, तिसऱ्याचा हात, आणि त्यातून ग्रंथ तयार. माणसाने आपल्या इंद्रियांची मर्यादा ओलांडण्याचं याहून मोठं उदाहरण वऱ्हाडात मला तरी माहीत नाही. त्यात धातूचा तुकडा नव्हता. वाचणारा चुकला तर त्याला थांबवता येत होतं, पुन्हा वाच म्हणता येत होतं, हे बरोबर वाटत नाही असं सांगता येत होतं.

याच्या शेजारी आपल्या काळातली एक गोष्ट ठेवून पाहावी. अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने दृष्टी गमावलेल्यांसाठी आर्गस-२ नावाचा कृत्रिम डोळा आणला. डोळ्याच्या पडद्यावर साठ विद्युतबिंदूंची जाळी, चष्म्यावर कॅमेरा आणि जवळ बाळगायचा छोटा संगणक. २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. खरी दृष्टी त्यातून मिळत नसे, पण उजेडाचे ठिपके दिसत, दाराची चौकट आणि रस्त्याची कड ओळखता येई. अनेक वर्षं अंधारात काढलेल्या माणसाला तेवढ्याची किंमत काय असेल, हे डोळस माणसाने ठरवू नये. कंपनीची यंत्रं बसवलेले जगभरातले लोक साडेतीनशेच्या वर होते. पुढे व्यवहार जमेना म्हणून २०१९ मध्ये कंपनीने हे काम थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. डोळ्यात बसवलेली जाळी तशीच राहिली. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे मिळेनासे झाले. त्याआधीही न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलत असताना एका बाईंचं यंत्र अचानक बंद पडलं होतं आणि दिसू लागलेलं जग पुन्हा मिटलं होतं.

गुलाबराव महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणारेही कधी आजारी पडले असतील, कधी आले नसतील. पण माणसाला माणसाची सोबत सुटते तेव्हा ज्याच्याशी बोलावं असं कोणीतरी असतं. त्या साडेतीनशे जणांच्या बाबतीत उत्तर द्यायला फोनच्या पलीकडे जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. यंत्र शरीरात गेलं यात मला वाईट काही दिसत नाही. हृदयाला पेसमेकर लागतो, कानाला श्रवणयंत्र, आणि जयपूर फूटने किती जणांना पुन्हा शेताच्या धुऱ्यावर चालवलं! प्रश्न एवढाच की ते यंत्र अडलं, चुकलं, बंद पडलं तर जबाबदारी घेणारा माणूस आपल्या पोचेल एवढ्या अंतरावर आहे की नाही.

अचलपूरला यंत्राशी जोडलं जाणं नवं नाही. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला ही रेल्वेगाडी १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावली, आणि सिग्नलपासून तिकिटापर्यंत सगळी कामं मोजके कर्मचारी हातानेच करत. गिरणीचा भोंगा इथल्या घरांचं उठणं, जेवणं, झोपणं ठरवत असे. २०२० च्या टाळेबंदीत इथली फिनले मिल बंद पडली तेव्हा यंत्र थांबल्यावर माणसाचं काय होतं ते गावाने पाहिलं. कामगारांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. निदान निवेदन कोणाला द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं.

आता विद्यार्थ्याने राशन दुकानावर जावं. माणूस आणि यंत्र यांची गाठ आज सर्वांत जास्त वेळा तिथे पडते. महिन्याचा गहू-तांदूळ हवा तर छोट्या यंत्राच्या काचेवर बोट ठेवायचं, आधारमधल्या ठशाशी ते जुळलं की पावती निघते. रांगेत मागच्या बाया विचारतात, ‘अंगठा लागला का?’ आणि पुढची म्हातारी बोट पदराला पुसते, डोक्यावरून फिरवते, पुन्हा ठेवते, दुसरं बोट ठेवते. दुकानदार सांगतो, ‘मशीन घेऊन नाही राहिली माय, उद्या या.’

तिचा अंगठा का लागत नाही? वऱ्हाडात कापूस हातानेच वेचला जातो. पहिल्या वेच्याच्या सीतादही-पूजेपासून शेवटच्या वेच्यापर्यंत बोंडाची वाळलेली टोकं बोटांत रुतत राहतात. निंदण-खुरपण, गवंड्याच्या हाताखालचं सिमेंट, भांडी घासायची राख आणि साबण, वरून वय. बोटांच्या रेषा झिजतात. म्हणजे यंत्राला तिची ओळख पटत नाही ती तिने केलेल्या कामामुळे. आयुष्यभराच्या श्रमाचा पुरावा म्हणून जे बोट दाखवता आलं असतं, तेच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. मला ही गोष्ट सहन होत नाही, आणि ती कोणालाच सहन होऊ नये असं मला वाटतं.

दुसरी बाजूही खरी आहे. या यंत्रांमुळे खोट्या नावांवर धान्य उचलणं अवघड झालं. मेळघाटातलं एखादं कुटुंब कामासाठी दूर गेलं तर तिथल्या दुकानातही त्याला आपलं धान्य मिळू शकतं, जे कागदी कार्डाच्या काळात होत नव्हतं. काही नव्या यंत्रांत बुबुळावरून ओळख पटवायची सोयही आहे. हे सगळं चांगलं आहे आणि मोडून टाका असं मी म्हणणार नाही. पण या व्यवस्थेत एक फार मोठी गोष्ट हरवली. दुकानदार म्हणतो, मी काय करू, मशीन घेत नाही. कार्यालयात गेलं तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर कुठे असतो ते कोणाला माहीत नसतं. पूर्वीचा दुकानदार धान्य नाकारायचा तेव्हा निदान तो नाकारत होता. त्याच्याशी भांडता येत होतं, त्याच्या नावाने तक्रार करता येत होती, चार माणसं मध्ये पडत होती. आता म्हातारी रिकाम्या पिशवीने परतते आणि दोष कोणाचाच नसतो. उलट दोष आपल्याच बोटाचा, असं तिला वाटू लागतं.

कायद्याने हे ओळखलं आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ओळख पटली नाही एवढ्या कारणाने पात्र माणसाचा लाभ अडणार नाही, ही सरकारची हमी नोंदवून घेतली. नंतर ३० एप्रिल २०२५ ला आणखी एक निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा भाजलेल्या एका बाईला बँकेत खातं उघडायचं होतं. ऑनलाइन ओळखपडताळणीची (ई-केवायसीची) अट होती, पापणी मिटून दाखवा. आपण जिवंत आहोत हे यंत्राला पटवायला तेवढी एकच खूण चालणार होती, आणि ती तिच्यापाशी नव्हती. ती न्यायालयात गेली. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने ठरवलं आणि वीस निर्देश दिले. हार्बिसनला जे एका पत्रव्यवहारात मिळालं, त्यासाठी या बाईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

डोंगरात वर गेलं की हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलच्या अ‍ॅपवर, दिवसातून दोन वेळा फोटो काढून लावायची असा नियम झाला. मेळघाटात दिवसभर माती खणलेल्या माणसाची मजुरी अशा फोटोवर अवलंबून राहिली. खणलेला खड्डा समोर असताना हजेरीला पुरावा म्हणून फोटोच लागतो, तर त्या माणसाने खरं काम कोणतं समजावं?

म्हणून विद्यार्थ्याला माझी विनंती आहे. निळ्या रेषांचा चेहरा बाजूला ठेव. डिजिटल कलेकडे अशी ताकद आहे जी इथल्या कुठल्याच भाषणाकडे नाही: ती एक बोट भिंतीएवढं मोठं करून दाखवू शकते. एखाद्या आजीची परवानगी घेऊन, तिचं नाव आणि ओळख कुठेही उघड न करता, तिच्या झिजलेल्या अंगठ्याचं चित्र कर. ठसा पडद्यावर आणू नको, कारण ठसा ही तिची किल्ली आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. बोटावरच्या भेगा दाखव, कापसाच्या बोंडाचे ओरखडे दाखव. शेजारी यंत्राची काच. ज्या क्षणी ती दोन्ही भेटतात आणि यंत्र नाही म्हणतं, तो क्षण दाखव. तिथे नोंदीची वही आहे का, अंगठा न लागलेल्यांना त्या महिन्याचं धान्य कोणत्या मार्गाने मिळालं, दुकानाच्या दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारून घे आणि उत्तरं चित्राखाली लिही. उत्तर मिळालं नाही तर ती जागा कोरी ठेव.

हे काम पूर्ण झालं की कलादालनात न्यायला हरकत नाही. पण आधी ते अचलपूरच्या तहसील कार्यालयात, पुरवठा शाखेच्या दाराशी लावायची परवानगी माग. अर्ज लेखी दे आणि पोच घे.