मेंदूचे माप आणि मनाचे मोल

अर्थ न जाणता केलेल्या पाठांतराला मराठीत ‘पोपटपंची’ म्हणतात. आणि ज्या पोपटावरून हा शब्द आला त्याला माणूस पिंजऱ्यात ठेवतो, तो बोलतो म्हणूनच. एखाद्या जीवाची वाणी निरर्थक ठरवावयाची आणि त्याच वाणीसाठी त्याला बंदिवान करावयाचे, या व्यवहारात एक जुना नैतिक पेच आहे. जीवाची बुद्धी आधी मोजून मगच त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य ठरवावयाचे असते काय?

शास्त्रातही शब्दाने असा निवाडा आधीच देऊन ठेवला होता. जर्मन मेंदूशास्त्रज्ञ लुडविग एडिंगर याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले, की सस्तन प्राण्यांत विचाराचे अधिष्ठान असलेले बाह्यक पक्ष्यांत जवळजवळ नाहीच. त्यांचा अग्रमेंदू म्हणजे बहुतांशी सहजप्रेरणांचा गाभा. त्यातील भागांना ‘पुरातन’, ‘नव’ अशा अर्थाची नावे मिळाली आणि उत्क्रांतीची एक उतरंडच परिभाषेत रचली गेली. ती परिभाषा बदलली २००४ मध्ये. त्या अग्रमेंदूचा मोठा भाग सस्तनांच्या बाह्यकाशी नाते सांगतो, हे तेव्हा अनेक देशांच्या अभ्यासकांनी मान्य केले. नाव वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही घडविते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

पक्षी आणि सस्तन यांचे वंश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. उडणाऱ्या देहाला जड मस्तक परवडत नाही. तरीही पोपट आणि कावळा यांच्या कुळांत बुद्धी वाढली, ती लहानशा जागेत चेतापेशींची दाटी करून. २०१६ मध्ये सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ जातींच्या पक्ष्यांतील चेतापेशी मोजून प्रसिद्ध केल्या. मकाव पोपटाच्या अक्रोडाएवढ्या मेंदूच्या तुलनेत मकाक माकडाचा मेंदू सुमारे चौपट. पण अग्रमेंदूतील चेतापेशी पोपटाच्याच अधिक भरल्या. तत्पूर्वी १९९८ मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी दाखविले होते, की कावळ्याच्या कुळातील स्क्रब जे हा पक्षी कोणते खाद्य, कोठे आणि किती काळापूर्वी लपविले, हे लक्षात ठेवतो आणि नासलेल्या खाद्याच्या शोधात जात नाही.

या शोधांचा आनंद मानावा. परंतु त्यांतून नवी उतरंड उभी राहू नये. ग्रॅमच्या जागी चेतापेशींची संख्या आली, एवढ्याने न्याय होत नाही. त्याच मोजणीत रानकोंबडीचा आकडा पुष्कळच खाली आला. बुद्धी हीच करुणेची पात्रता मानली, तर कावळा सुटेल आणि तारेच्या खुराड्यात पंख पसरण्यापुरतीही जागा नसलेली कोंबडी तशीच राहील. शिवाय बुद्धीने सुटका होते, हेही अनुभवाला धरून नाही. देशी पोपट पाळणे आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. तरी पिंजरे रिकामे झालेले नाहीत.

मग ज्ञानाचे प्रयोजन काय, असा आक्षेप कोणी घेईल. प्रयोजन आहे, आणि ते मोठे आहे. जीवाची गरज काय, त्याचे दुःख कोणत्या जातीचे, हे ज्ञानावाचून कळत नाही. आठवण ठेवणाऱ्या पक्ष्याला रिकामा पिंजरा कसा जाचत असेल, याची कल्पना करावयास आपल्याला त्याचे मन थोडे तरी ठाऊक असावे लागते. कोंबडीला उकरावयास माती, अंग घोळावयास धूळ आणि रात्री बसावयास उंच दांडी लागते. हे समजण्यासाठी ती हुशार असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

पंचतंत्रातील ‘काकोलूकीयम्’मध्ये कावळे मंत्री होऊन राजनीती बोलतात. पण ती नीती माणसाची आहे; पक्षी तेथे मुखवटा आहे. आता मुखवट्याखालचा खरा पक्षी थोडा थोडा दिसू लागला आहे. त्याने आपल्यासारखे असावे, ही अट न घालता त्याच्याशी न्यायाने वागता येते का, हा प्रश्न त्याच्या बुद्धीविषयीचा नाही; तो आपल्याविषयीचा आहे.