दोष गेला की सापडला?

विश्रांतवाडीकरांना विमानाच्या आवाजाचे नवल नाही. लोहगावचा तळ शेजारीच आहे. पण विमान घरीही घडते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले, २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. घरच्या विमानात तार जोडणारा, तपासणारा आणि उडवणारा एकच असला, तर चुकीची कबुली द्यायची कुणापुढे?

विजेचा सर्वांत फसवा दोष येतो आणि जातो. रेडिओ बंद पडतो, तार हलवली की बोलू लागतो. पुष्कळदा खोट अर्थिंगच्या सैल वा गंजलेल्या जोडात असते. उपकरण बंद असताना मीटर पुरे बारा व्होल्ट दाखवतो. उपकरण चालू करून जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर धरला, तरच तिथे वाया जाणारे व्होल्ट दिसतात. माणसाचेही तसेच. भार नसताना सगळेच सच्चे!

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवला, तर फ्यूज वाचतो आणि तार जळते. तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबण्यासारखेच हे.

कुणी म्हणेल, जीव त्याचा, मर्जी त्याची. पण आकाशाखाली वस्ती असते. तिथे झोपलेल्या माणसांनी त्याला पाहिलेलेही नसते; तरी त्यांचा जीव त्याच्याकडे अमानत असतो. कबुली त्यांच्यापुढे द्यायची. म्हणून वहीत ‘दुरुस्त’ लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे, दोष सापडला की नुसता गेला? नुसता गेला असेल, तर तसेच लिहावे आणि विमान जमिनीवरच ठेवावे.