पिवळ्या रेघा

सातारा
८ ऑक्टोबर

चि. बापू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद, त्यावरचा 'वजन जास्त' असा शेरा, सूनबाईचं रडणं आणि वहिनीचं "खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नका", हे सगळं तू एका दमात सांगितलंस. शेवटी विचारलंस, "छोटूचा ईसीजी काढून घेऊ का? बाबांचं असं झालं ना, म्हणून." मी म्हटलं, थांब, लिहिते. फोनवर तू मधेमधे बोलतोस.

ईसीजी नको. सात वर्षांच्या मुलाच्या ईसीजीत तुला जे शोधायचं आहे ते दिसत नाही. ते जिथे दिसतं तिथे मी एकवीस वर्षं काढली.

सिव्हिलमध्ये पॅथॉलॉजीला असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारे सगळे म्हातारे नसायचे. मोटारसायकलवरून पडलेले, विहिरीत बुडालेले, वीज अंगावर पडलेले. वय सतरा, एकोणीस, बावीस. महाधमनी उभी चिरून, पाण्याने धुऊन ट्रेमध्ये पसरली की आतलं अस्तर ओल्या रेशमासारखं गुळगुळीत दिसायला हवं. त्यावर पिवळसर रेघा असायच्या. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागायचा. आम्ही 'फॅटी स्ट्रीक' असं लिहून पुढे जायचो, कारण मरणाशी त्यांचा काही संबंध नसायचा. पोरगं मेलेलं असायचं ट्रकखाली.

पण घरी आल्यावर त्या रेघा आठवायच्या. ही मुलं जगली असती तर पंचवीस-तीस वर्षांनी यांतली काही माझ्याच टेबलावर दुसऱ्या कारणाने आली असती.

हा काही माझा शोध नव्हे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं त्यांच्याच लष्करी डॉक्टरांनी तपासली आणि १९५३ मध्ये त्याचा अहवाल छापला. सरासरी वय बावीस. धडधाकट, निवडून घेतलेली मुलं. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. पुढे लुइझियानातल्या बोगालुसा नावाच्या गावात तर शाळकरी मुलांची वजनं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं नोंदवत गेले. त्यांतली काही मुलं आणि तरुण अपघातात वगैरे गेले, तेव्हा त्यांच्या धमन्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहता आल्या. वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी, सिगारेट यांपैकी ज्यांचं काहीच वाईट नव्हतं, त्यांच्या हृदयाच्या धमन्यांच्या अस्तराचा जेमतेम १.३ टक्के भाग पिवळा होता. ज्यांच्या तीन-चार गोष्टी वाईट होत्या, त्यांचा ११ टक्के. पिवळी रेघ बहुतेक सगळ्यांनाच थोडीफार असते, आणि प्रत्येक रेघेची धमनी अडवणारी गाठ होत नाही, हेही सांगते, नाहीतर सूनबाई रात्रभर झोपणार नाही. पण गाठ जिथे होते तिथे ती एका रात्रीत झालेली नसते.

माझा दादा, तुझे बाबा, गेला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. लोक म्हणाले, अचानक गेला. डॉक्टर म्हणाले, पी.एम. करायचं का? मी नको म्हटलं. काय दिसेल ते मला माहीत होतं. आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. दादा त्याही आधी गेला.

मग तू म्हणशील, खानदानीच आहे, तर करायचं काय? बापू, खानदानी म्हणून आपण जे म्हणतो त्यात रक्त किती आणि रोजचं घर किती, ते एकदा बघ. दादा तुला टपरीवर सिगारेट आणायला पाठवायचा. आठवतंय? तू आठ वर्षांचा होतास, सुट्ट्या पैशांची गोळी घ्यायचास. जेवणानंतर सुपारी, संध्याकाळी शेवेची वाटी, रविवारी दुपारभर झोप. आजीच्या तोंडात सकाळी मिश्री असायची आणि तिच्या मांडीवर कोणतं ना कोणतं नातवंड असायचं. हे सगळं तू त्या घरात पाहिलंस. आणि आता तूही सिगारेट 'फक्त गॅलरीत' ओढतोस. धूर आत येत नाही असं तुला वाटतं. धूर येतोच, पण समजा नाही आला, तरी काचेतून छोटूला तू दिसतोस ना?

छोटूच्या वजनाआधी ही गॅलरी. बाकीचं सगळं नंतर.

रक्ताचा भाग खोटा नाही, तो तपासून घ्यायचा. आधी तू स्वतः लिपिड प्रोफाइल कर, मग छोटूचं. आजोबा पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेले असतील तर नातवाचं कोलेस्टेरॉल लहानपणीच पाहावं असं डॉक्टर सांगतात. मुलांमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० च्या आत असलेलं बरं, १३० च्या पुढे गेलं तर जास्त. काही घरांत जन्मापासूनच एलडीएल फार वाढलेलं असतं. साधारण अडीचशे माणसांत एक, म्हणजे तुमच्या सोसायटीतही कुणीतरी असेल. तसं निघालं तर त्याला पथ्याबरोबर औषधही लागतं आणि ते कधी सुरू करायचं ते मुलांचे डॉक्टर ठरवतात. यात कुणाचा दोष नसतो. रक्तदाबही मोजून घे, पण मुलांच्या दंडाला बसेल असा पट्टा डॉक्टरांकडे आहे का ते आधी विचार. मोठा पट्टा बारीक दंडाला बांधला की आकडा कमी येतो आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला की उगाच जास्त.

आणि घरी शिंप्याची टेप असेल. छोटूची कंबर मोज, उंची मोज. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. मोजताना त्याच्यासमोर तोंड वाकडं करू नका. शर्ट शिवायचाय असं सांगा, आणि मग खरंच शिवा.

तुझ्या लेकीबद्दल, चिमीबद्दल, तू एक शब्द बोलला नाहीस. ती 'किडकिडीत' आहे म्हणून तिची काळजी नाही, असंच ना? जन्मली तेव्हा ती सव्वादोन किलोची होती, मी दवाखान्यात होते. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं तपासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक, पोट, दंड, स्नायू, सगळं कमी. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. बारीक दिसणारं, पण आतून मेदाळ बाळ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला, शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२! तो फोटो मी कितीतरी वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

म्हणून चिमीला 'जरा अंगावर येऊ दे' म्हणून लाडू, बिस्किटं, बोर्नव्हिटा भरवू नका. जन्मतः लहान आणि नंतर झपाट्याने फुगवलेलं मूल, हीच मधुमेहाची आणि हृदयविकाराची वाट. तिला डाळ, अंडी, दूध, पालेभाजी, फळ द्या. त्याच सहा गावांत ज्या बायका दूध, फळं आणि हिरव्या भाज्या जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली होती. चिमीच्या ताटातल्या चाकवताचा हिशेब तिच्यानंतरच्या पिढीपर्यंत जातो. वहिनी पहिलं वाढप मुलाला करते आणि तळाशी राहिलेली पळीभर भाजी मुलीला, हे मी मागच्या वेळी पाहिलं. तेव्हा गप्प बसले. आता लिहिते आहे.

आता छोटूचं. त्याला डाएटवर घालू नका. हा शब्दच घरात नको. 'जाड्या' हाही नको, लाडानेसुद्धा. वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं, ते काही महिने आहे तिथेच थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. ते करायचं तर बदल त्याच्या ताटात एकट्याच्या नाही, सगळ्यांच्या ताटात व्हायला हवा. तू शेव खात टीव्ही बघणार आणि त्याला काकडी, असं केलंस तर तो चोरून खाईल. मीही खाल्लं असतं.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९९० पासून हजारेक बाळांवर एक प्रयोग झाला. निम्म्या घरांना बाळ सात महिन्यांचं असल्यापासून, आणि पुढे मूल वीस वर्षांचं होईपर्यंत, नियमाने आहाराचा सल्ला देत राहिले. मुलांना उपाशी ठेवलं नाही, फक्त लोणी-मलईतली चरबी कमी आणि तेलातली चांगली चरबी जास्त. या मुलांचं एलडीएल दुसऱ्या निम्म्यांपेक्षा कमी राहिलं आणि उंचीत, वाढीत, बुद्धीत काही कमी पडलं नाही. वहिनीला हे वाचून दाखव. तूप बंद केलं की पोराची वाढ खुंटते असं तिला वाटतं. वरणभातावर चमचाभर तूप राहू दे, त्याच्याशी माझं वैर नाही. वैर आहे ते चार वाजताच्या चहाबरोबरच्या खारी-टोस्टशी, पाकिटातल्या वेफर्सशी, रोजच्या लोणचं-पापडाशी आणि फ्रिजच्या दारातल्या बाटलीशी. २५० मिलीच्या थंड पेयात सहा चमच्यांहून जास्त साखर असते. आंब्याचं चित्र काढलेल्या बाटलीलाही सूट नाही. हे घरात आणायचंच नाही. आणून लपवायचं नाही, आणायचंच नाही. पोराच्या मनोनिग्रहावर घर चालवू नये. तुझ्याही नाही.

आणि ते 'चिऊचा घास, काऊचा घास'. दीड वर्षाच्या बाळाला ठीक होतं. सात वर्षांच्या घोड्याला पोट भरलं म्हटल्यावर वहिनी अजून दोन घास कोंबते, आणि ताट संपवलं की शाबासकी. भूक संपल्याचं पोटाला कळतं, त्याला कळू द्या. एकेकाळी आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा असायच्या, दादाला त्यात बक्षीस मिळालं होतं, पितळी पेला. तो अजून माझ्याकडे आहे.

खेळाबद्दल फार लिहीत नाही, तुला माहीत आहे. दिवसाला तासभर धाप लागेल असं खेळणं हवं. त्याला क्लासला घालून शिटीवर उड्या मारायला लावू नको. तुमच्या सोसायटीत 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी आहे, ती काढायचा ठराव मांड. ईसीजीपेक्षा तो जास्त उपयोगी. आणि रात्री साडेनऊला झोप, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुझाही.

एक जाता जाता. आमच्या काळी मुलांचा हृदयरोग म्हणजे घशातून आलेला असायचा. घसा दुखून ताप, मग सांधे, मग हृदयाच्या झडपा. तो अजून संपलेला नाही. घसा सुजून ताप आला तर 'जाईल आपोआप' म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा आणि अँटिबायोटिक दिलं तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.

आता जे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते. २०११ मध्ये चार मोठ्या पाहण्यांचा एकत्र हिशेब छापून आला, सहा हजारांवर मुलं, सरासरी तेवीस वर्षांनी पुन्हा तपासलेली. लहानपणी जाड असून मोठेपणीही जाड राहिलेल्यांना मधुमेह, रक्तदाब, खराब कोलेस्टेरॉल पुष्कळ जास्त. पण लहानपणी जाड असून मोठेपणी वजन आटोक्यात आलेल्यांचा धोका, कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास आलेला होता. मी तो लेख दोनदा वाचला. टेबलावरच्या मुलांना ही सवलत नव्हती. छोटू सातच वर्षांचा आहे. सूनबाईला हा परिच्छेद दे, बाकीचं पत्र नाही दिलंस तरी चालेल.

वहिनीला नमस्कार. मुलांना गोड पापा.

तुझी
आत्या

ता. क. दिवाळीला येते आहे. भाजणीची चकली हवीच, मी स्वतः सोऱ्या धरीन. फक्त तळणीचं उरलेलं काळं तेल आठवडाभर पुऱ्यांना वापरायचं नाही, आणि शंकरपाळ्यांत डालडा नाही. मी माहुलीहून नदीतले सात चपटे दगड आणते आहे, लगोरीला लागतात तसे. चेंडू तुम्ही आणा.