संघभावना कोणीं कोणास शिकवावी?

माझा एक पुतण्या मुंबईस एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या कचेरीनें आपल्या साठ-सत्तर नोकरांना दोन दिवस लोणावळ्यास नेऊन ठेविलें होतें. हेतु सहलीचा नव्हता. त्यांच्या अंगीं 'संघभावना' बाणावी हा होता. एका निवृत्त क्रिकेटपटूचें व्याख्यान झालें, रस्सीखेंच झाली, डोळे बांधून एकमेकांस वाट दाखविण्याचे खेळ झाले. परत आल्यावर तो मला भेटावयास आला, तेव्हां मीं सहज विचारलें, "काय शिकलास?" तो म्हणाला, "काका, व्याख्यान छान झालें. आपली कचेरी म्हणजे एक संघच आहे, असें ते म्हणाले. पण पुढच्याच आठवड्यांत आमच्यापैकीं चौघांना काढून टाकलें. मग ते चौघे संघांत होते कीं नव्हते?"

मीं त्या वेळीं त्याला उत्तर दिलें नाहीं. प्रश्न वरवर पाहतां तरुण मनुष्याच्या चिडीचा वाटला तरी तो तसा नव्हता. खेळाच्या मैदानावरून कचेरींत कांहीं शिकवण आणतां येते काय, आणि येत असल्यास ती कोणीं कोणास द्यावयाची, हा त्यांतला खरा प्रश्न होता. आणि तो मला पुष्कळ दिवस सोडीना.

खेळांतून शील घडतें ही कल्पना आपल्याकडे मुख्यत्वें इंग्रजांच्या शाळांतून आली. एकोणिसाव्या शतकांत तिकडच्या निवासी शाळांनीं क्रिकेट आणि फुटबॉल यांना जवळजवळ धर्मशिक्षणाचा मान दिला. वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, असें वाक्य वेलिंग्टनच्या तोंडीं नेहमीं घातलें जातें. तो तसें खरोखर म्हणाला याला विश्वसनीय पुरावा नाहीं, परंतु तें इतक्या सहज पसरलें यावरूनच त्या काळाची श्रद्धा दिसून येते. मात्र एक गोष्ट आपण विसरतों. त्या शाळांतील मुलें पुढें अधिकारी व्हावयाचीं होतीं. संघासाठीं स्वतःला आवरावें हा धडा तेथें उद्यां हुकूम सोडणाऱ्यांना दिला जात होता. आमच्या कचेऱ्यांत तोच धडा आज हुकूम ऐकणाऱ्यांना दिला जातो, आणि देणारा मात्र व्याख्यान संपण्याच्या आंतच मोटारींत बसून निघून गेलेला असतो! एकच औषध, परंतु रोगी बदलला म्हणजे त्याचा गुणही बदलतो.

संघ म्हणजे तरी काय? पुष्कळ माणसांनीं मिळून एक काम केलें म्हणजे संघ झाला, असें समजणें ही मूळची चूक आहे. अ‍ॅडम स्मिथनें 1776 सालच्या आपल्या ग्रंथांत टांचणीच्या कारखान्याचें प्रसिद्ध उदाहरण दिलें आहे. एक तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो; अशा अठरा निरनिराळ्या क्रियांतून एक टांचणी तयार होते. उत्पादन अफाट वाढतें यांत शंका नाहीं. परंतु तार ओढणाऱ्यानें टोंक काढणाऱ्याचें तोंडही पाहिलें नसलें तरी टांचणी होतेच. ही श्रमविभागणी झाली. तिला संघ म्हणणें म्हणजे एकाच आगगाडींतील उतारूंना कुटुंब म्हणण्यासारखें आहे.

याच्या उलट आपला खो-खो पाहावा. लहानपणीं हा खेळ मी पुष्कळ खेळलों, बहुधा वाईटच. परंतु त्याचें मर्म ध्यानांत यावयास पन्नाशी यावी लागली. पाठलाग करणाऱ्या नऊ गड्यांपैकीं आठ जण एका ओळींत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून, उकिडवे बसलेले असतात. नववा धांवतो. त्याला बसलेल्यांच्या ओळींतून आरपार जातां येत नाहीं, आणि एकदां धरलेली दिशाही मध्येंच बदलतां येत नाहीं. पळणारा मात्र मोकळा. तो ओळींतून खुशाल नागमोडी निसटतो. म्हणजे पाठलाग करणाऱ्यावर नियमानेंच बेडी घातलेली आहे, आणि तिच्यांतून सुटण्याचा उपाय एकच: बसलेल्या सोबत्याच्या पाठीशीं जाऊन 'खो' द्यावयाचा आणि आपण त्याच्या जागीं बसावयाचें.

यांत खरी कसोटी कोठें आहे? धांवण्यांत नव्हे. पळणारा आपल्यापासून हातभर अंतरावर आहे, आणखी दोन पावलांत तो सांपडेल असा मोह होतो, आणि नेमक्या त्या क्षणीं दुसऱ्याला उठवून आपण खालीं बसावयाचें असतें. ज्याच्या तोंडासमोरून पळणारा जात आहे त्याला खो मिळाला पाहिजे. मला गडी हवा म्हणून मीच धांवत राहिलों, तर पळणारा माझी दमछाक करून हंसत निघून जातो. आणि बसलेल्याचें काय? तो निष्क्रिय दिसतो, परंतु त्याचे तळपाय जमिनीवर ताणलेले असतात. पाठ फिरवून बसलेल्या त्या गड्याला मागें काय चाललें आहे तें पुरतें दिसत नाहीं. शब्द कानीं पडतांच उठावयाचें एवढें त्याला ठाऊक असतें. हा विश्वास पगारानें विकत घेतां येत नाहीं. तो कां उत्पन्न होतो? मला वाटतें, याचें कारण एकच आहे. धांवणारा आणि बसणारा हीं माणसांचीं नांवें नसून जागांचीं नांवें आहेत. खो देणाऱ्याला पुढच्याच क्षणीं खालीं बसावयाचें असतें. बसलेल्याला धांवावयाचें असतें. नववा गडी कायमचा नववा असता, आणि आठ जणांनीं जन्मभर उकिडवें बसूनच त्याची स्तुति करावयाची असती, तर हा खेळ कोणत्या मुलानें खेळला असता?

हुतूतूच्या संजीवनी प्रकारांतही अशीच एक मार्मिक व्यवस्था आहे. बाद झालेला गडी कायमचा गेला असें तेथें होत नाहीं. आपल्या बाजूनें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं तो पुन्हां जिवंत होऊन आंत येतो. सोबत्याचें यश हें माझें पुनरागमन ठरतें. बाहेर बसलेला मनुष्य आंतल्याचा मत्सर करील कसा? त्याचा श्वास आंतल्याच्या दमावरच चालला आहे. ज्या कचेरींत एकाच्या बढतीनें दुसऱ्याची वाट बंद होते, तेथें परस्परांच्या यशाचा आनंद मानावा हा उपदेश करण्यापूर्वीं नियम कोणीं आणि कसे केले आहेत तें पाहणें बरें.

आतां ज्या उदाहरणामुळें मी हा लेख लिहावयास बसलों त्याकडे वळतों. बाळू पालवणकर यांचें नांव आजच्या पिढीला पुन्हां थोडेंफार कळूं लागलें आहे. ते चांभार जातीचे. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपये पगारावर ते खेळपट्टी राखीत, जाळीं लावीत, आणि साहेबांना सरावासाठीं तासन् तास चेंडू टाकीत. फलंदाजीची संधी त्यांना तेथें मिळत नसे. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम, तें त्यांचें. याच श्रमांतून त्यांची डावखुरी मंद गोलंदाजी अशी तयार झाली कीं, युरोपियनांना हरवावयाचें तर हा मनुष्य आपल्या बाजूस असला पाहिजे, असें पुण्याच्या हिंदु क्रिकेटमंडळीस वाटूं लागलें. वाद झाला, आणि अखेर त्यांना संघांत घेतलें. मैदानावर सर्वजण त्यांनीं टाकलेला तोच चेंडू हातांत घेत. परंतु चहाची वेळ झाली कीं बाकीचे मंडपांत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा दिला जाई.

पुढें ते मुंबईस हिंदूंच्या संघाकडून खेळूं लागले. 1906 सालीं त्या संघानें युरोपियनांचा 109 धांवांनीं पराभव केला, त्यांत त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. 1911 सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. संघाचे पराभव पुष्कळ झाले. बाळूंनीं मात्र त्या दौऱ्यांत 114 गडी बाद केले. इतकें होऊनही हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. 1920 सालीं ठरलेले कर्णधार आजारी असतांही पालवणकर बंधूंचा हक्क डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली. तेव्हां बाळूंचे धाकटे बंधु शिवराम आणि विठ्ठल, दोघेही नामांकित फलंदाज, संघांतून बाहेर पडले, आणि कां बाहेर पडलों तें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें.

येथें नीतीचा प्रश्न उभा राहतो. सामना तोंडावर आला असतां आपल्या संघाला सोडून जाणें हा संघद्रोह नव्हे काय? संघापेक्षां कोणी मोठा नाहीं, हें वाक्य त्या वेळींही पुष्कळांनीं उच्चारलें असेल. आणि या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. प्रत्येक गड्यानें आपलें गाऱ्हाणें घेऊन मैदान सोडावयाचें ठरविलें, तर कोणताच संघ दोन दिवस टिकणार नाहीं. मानासाठीं अडून बसणारे खेळाडू आपण सर्वांनींच पाहिले आहेत. त्यांना मीं पालवणकरांच्या पंक्तीस बसविणार नाहीं.

परंतु दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ही कीं, या बंधूंनीं मागितलें तें जातीसाठीं सवलत म्हणून नव्हे. गुण हाच निकष असावा एवढेंच त्यांचें मागणें होतें, आणि तो निकष संघाचाच होता. गडी बाद करतांना तो लागू करावयाचा आणि कर्णधार नेमतांना खुंटीला टांगावयाचा, ही लबाडी त्यांनीं उघड केली. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ते परत आले. लोकमताचा रेटा पडला, बाळूंना उपकर्णधार नेमण्यांत आलें, आणि भाऊ पुन्हां त्याच संघांत खेळावयास उभे राहिले. ज्याला संघ मोडावयाचा असतो तो परत येत नाहीं. 1923 सालीं विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीं संघ विजयीही झाला. तेव्हां संघभावना कोणाच्या ठायीं अधिक होती? बाहेर पडलेल्या दोघांच्या, कीं त्यांच्या जागा रिकाम्या ठेवून जेवावयास बसलेल्या बाकीच्यांच्या?

मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांट सांगतो. हें वाक्य वर्गांत शिकवितांना मी त्यांतील 'केवळ' या शब्दावर नेहमीं भर देत आलों. आपण सर्वच एकमेकांचे साधन असतों. त्यावांचून कोणतेंही सामाईक काम होणार नाहीं. बाळूंचा हात संघाला हवा होता यांत गैर कांहींच नव्हतें. हात हवा, पण त्या हातांत आपला पेला नको, येथें तें गैर झालें. संघासाठीं त्याग करावा हें मान्य. परंतु ज्या संघाच्या विजयांत मला वांटा आहे आणि निर्णयांत नाहीं, त्याच्यासाठीं केलेला त्याग हा सद्गुण कीं निव्वळ चाकरी, हें चाकरी घेणाऱ्यानें ठरवूं नये.

इतरांस उपदेश करणें सोपें आहे. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट येथें सांगणें मला भाग आहे, कारण पुतण्याचा प्रश्न मला सोडीना त्याचें कारण तीच होती. पुष्कळ वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या वेळापत्रकाचें काम माझ्याकडे होतें. म्हणजे सही माझी असे. सारें वेळापत्रक आमच्या कचेरींतील एक कारकून रात्रीं जागून लावीत असे. कोणते प्राध्यापक सकाळीं येऊं शकत नाहींत, कोणती खोली पावसाळ्यांत गळते, कोणत्या दोन विषयांचीं मुलें एकच आहेत, हें सारें त्याच्या डोक्यांत होतें. एका वर्षीं सभेंत माझी फार स्तुति झाली. मीं ती ऐकून घेतली. तो दाराशीं फायली घेऊन उभा होता. पुढच्या महिन्यांत त्यानें दुसऱ्या विभागांत बदली मागितली, तेव्हां मीं प्राचार्यांना सांगितलें कीं, मनुष्य हुशार आहे, पण त्याला मिळून मिसळून काम करतां येत नाहीं. हे शब्द मला नेमके आठवतात. त्यांत मला त्या वेळीं कांहींच वावगें वाटलें नाहीं.

पुतण्याला मीं मागाहून पालवणकरांची सर्व हकीकत सांगितली. ही दुसरी सांगितली नाहीं. तो आतां हें वाचीलच.

ते कारकून आतां निवृत्त झाले आहेत. गेल्या वर्षीं एका लग्नांत भेटले. पंगतीस शेजारींच बसलों होतों, म्हणून मीं धीर करून तो जुना विषय काढला. ते क्षणभर जेवावयाचे थांबले, मग म्हणाले, "सर, ती गळकी खोली दुरुस्त झाली का हो?" मीं म्हटलें, "झाली." "मग वेळापत्रक आतां सोपें जात असेल," ते म्हणाले, आणि त्यांनीं वाढप्याला हांक मारून माझ्या पानावर वरण वाढावयास सांगितलें.