रंगाला साक्षीदार बाहेरचा लागतो

डिजिटल प्रेसच्या पडद्यावर ‘कॅलिब्रेशन यशस्वी’ अशी ओळ उमटली की ऑपरेटर सुटकेचा श्वास टाकून पहिल्या कामाला हात घालतो. महापे, रबाळे, तुर्भे या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही छापखान्यात हे दृश्य दिसेल. ती ओळ खोटी नसते. पण छापलेला रंग बरोबर आहे, असेही ती सांगत नसते.

कॅलिब्रेशन करताना मशीन सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक यांच्या फिक्यापासून गडदपर्यंतच्या चौकटी छापते. आतला सेन्सर त्या वाचतो. टोनर कुठे जास्त पडला, कुठे कमी, यावरून दुरुस्तीची वक्ररेषा बनते आणि मशीन ठरलेल्या स्थितीत येते. आता समजा, सेन्सरच्या काचेवर टोनरची पुसट धूळ बसली आहे. पहिल्या वाचनात जी चूक झाली, तीच दुरुस्तीनंतरच्या दुसऱ्या वाचनातही होणार. दोन्ही आकडे एकमेकांशी झकास जुळणार, आणि शीट मात्र लालसर मारत राहणार. आकडे आपसांत जुळणे आणि आकडे खरे असणे यांतला हा फरक आहे. तपासणीचे सगळे काम या फटीतच चालते.

वाशीच्या एपीएमसी बाजारात काटा बरोबर आहे की नाही हे त्या काट्याला विचारून ठरत नाही. वैधमापन खात्याची प्रमाणित वजने त्यावर ठेवावी लागतात. रंगासाठी हे बाहेरचे माप म्हणजे हातात मावणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर. कॅलिब्रेशननंतर, कुठलीही सेटिंग न बदलता, नेहमीच्या कामासारखाच चार्ट नव्याने छापायचा आणि या वेगळ्या यंत्राने वाचायचा. प्रत्येक चौकटीचे तीन आकडे मिळतात: उजळपणा, लाल-हिरवा कल आणि पिवळा-निळा कल. ही मोजपट्टी १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवली. हवा असलेला रंग आणि छापून आलेला रंग यांतल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात. सुरुवातीला हे अंतर सरळ भूमितीने काढत. पण डोळा सगळीकडे सारखा चोखंदळ नसतो: भडक पिवळ्यातला मोठा फरक तो सोडून देतो आणि करड्यातला बारीक फरक पकडतो. म्हणून २००१ साली सूत्र सुधारून आले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात.

आता स्पेक्ट्रोचा साक्षीदार कोण? त्याच्यासोबत एक पांढरी चिनीमातीची टाइल येते. वाचन सुरू करण्यापूर्वी यंत्र तिच्यावर जुळवून घेतात. अनेक यंत्रांत टाइलवरचा क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक एकच असतो, कारण ती टाइल त्याच यंत्रासाठी मोजलेली असते. दुसऱ्या यंत्राची टाइल उचलली, किंवा टाइलवर बोटाचा तेलकट ठसा राहिला, की पुढची सगळी वाचने एकाच दिशेला सरकतात आणि कुणाला संशयही येत नाही. छापखान्यात लाखोंच्या मशीनची बडदास्त राहते आणि ही टाइल ड्रॉवरमध्ये उघडी पडलेली असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सरासरीवरही विसंबू नये. प्रूफ तपासण्याच्या एका प्रचलित पट्टीत ७२ चौकटी असतात. त्यांतल्या ७० चौकटींचा डेल्टा ई १ आला आणि उरलेल्या दोन चौकटींचा ९, तर सरासरी निघते जेमतेम १.२. अहवाल हिरवा. पण त्या दोन चौकटी त्वचेच्या छटेच्या असतील, तर लग्नाच्या अल्बममधली नवरी पानापानावर आजारी दिसेल. म्हणून सर्वांत वाईट चौकट कोणती ते आधी पाहावे. मग तीन रंगांतून बनलेला करडा पाहावा. मॅजेंटा किंचित वाढला तरी तो गुलाबी होतो. बिघाडाची पहिली कुणकुण इथेच लागते.

कागद हाही या प्रकरणातला पक्षकार आहे. लखलखीत पांढऱ्या कागदात उजळक रसायन असते. अतिनील प्रकाश पडला की ते निळसर चमकते. स्पेक्ट्रोच्या दिव्यात अतिनील किती, यावर त्याच शीटचे आकडे बदलतात. एकाने अतिनील जमेस धरणाऱ्या एम-वन पद्धतीने मोजले आणि दुसऱ्याने अतिनील गाळणाऱ्या एम-टूने, तर दोघेही प्रामाणिक असून निकाल वेगळे येतील. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. खाडीकाठच्या दमट हवेत उघडी राहिलेली रीम ओलावा धरते, कागदाचे विद्युत गुण बदलतात, टोनर एकसारखा चिकटत नाही. सकाळी एसी नुकता लागला असताना घेतलेले कॅलिब्रेशन दुपारच्या हॉलला लागू पडेलच असे नाही. कागद बदलला, हवा बदलली, की चार्ट पुन्हा छापावा लागतो.

डिजिटल प्रेसवर हा खटाटोप जास्तच गरजेचा आहे, कारण तिथे एकच पुस्तक थोडेथोडे करून पुनःपुन्हा छापले जाते. आज ३०० प्रती, काही महिन्यांनी आणखी १००. दुकानाच्या फळीवर दोन्ही खेपांची मुखपृष्ठे शेजारीशेजारी लागतात. दुसऱ्या खेपेला जुनी प्रत समोर धरून रंग लावायचा मोह होतो, पण ती प्रत उजेडात फिकी पडलेली असू शकते आणि कागदही पिवळावलेला. पहिल्या खेपेच्या चार्टचे आकडे कागदाचे नाव, मोजण्याची पद्धत आणि तारखेसह नोंदवून ठेवले असतील, तर नव्या शीटची गाठ त्या आकड्यांशी घालता येते.