मौन आणि संमती

रुग्णाने वैद्यावर विश्वास ठेवावा असे सारेच सांगतात. त्या विश्वासाचे ऋण वैद्याने कसे फेडावे, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. न्यूझीलंडातील ऑकलंड येथील नॅशनल विमेन्स रुग्णालयात १९६६ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था आढळलेल्या अनेक स्त्रियांवर पुरते उपचार न करता त्यांस नुसते निरीक्षणाखाली ठेविले. बोलावणे येई, त्या जात. भिंगातून तपासणी होई, त्या घरी परतत. आपणांवर प्रयोग चालला आहे हे कित्येकींस ठाऊकच नव्हते. पुढे काहींस कर्करोग जडला, काही दगावल्या. १९८८ साली न्यायाधीश कार्टराइट यांच्या चौकशी-अहवालाने या अन्यायाची नोंद केली. आमच्या मते, पुन्हा तपासणीस बोलाविणाराने त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. एरवी रुग्णेच्या मौनास संमती म्हणणे म्हणजे तिचा विश्वास लुबाडणे होय.